पाचवा गिअर कुठे गेला?

१९९७ सालची डॉज रॅम २५०० पिकअप. बॉनेटखाली कमिन्सचं सहा सिलिंडरचं, बारा व्हॉल्व्हचं ५.९ लिटर डिझेल इंजिन आणि त्याच्या पाठीला एनव्ही४५०० हा पाच गिअरचा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स. इंजिन ठणठणीत. पहिले चार गिअरही ठणठणीत. पाचव्यात टाकायला गेलं की लिव्हर बिनबोभाट आपल्या जागी जाऊन बसतो; पण क्लच सोडला की गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखं इंजिन नुसतं घोंघावतं.

मालक मूळचा फलटणचा, आता कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. नोकरी संगणकाची, पण जीव अडकलाय रॉकी पर्वताच्या पलीकडे, पॅलिसेड गावाजवळ घेतलेल्या पीचच्या छोट्या बागेत. तिकडे जायचं तर ट्रेलर जोडायचा, त्यावर छोटा ट्रॅक्टर आणि अवजारं चढवायची आणि आय-७० महामार्गाने डोंगर ओलांडायचा. भरलेला ट्रेलर साडेचार टनांचा, गाडी तीन टनांची. रस्त्यात अकरा हजार फुटांवरचा आयसेनहॉवर बोगदा आणि त्यानंतर १०,६६२ फुटांची व्हेल खिंड. त्याच्याकडे मुक्कामाला आलेल्या मामांचं उभं आयुष्य चिंचवडच्या एका ट्रक कारखान्यात गिअरबॉक्स जोडण्यात गेलेलं.

ही दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. गाडीचा आजार मात्र रचलेला नाही. जड ट्रेलर ओढणाऱ्या या पिढीच्या डॉज गाड्यांत तो इतका नेहमीचा आहे, की त्यावर दोन तट पडलेले आहेत. एका तटाचं म्हणणं, बॉक्सच बदला. दुसऱ्याचं म्हणणं, चालवणाऱ्याचा पाय बदला.

भाचा: मामा, माझं ठरलंय. हा काढून टाकायचा आणि सहा गिअरचा एनव्ही५६०० बसवायचा. १९९९ पासून डॉजनेच याच इंजिनाच्या पुढच्या पिढीला तो दिला. म्हणजे पाचचा पुरत नाही हे त्यांनाही कळलं होतं.

मामा: हा उघडून बघितलास?

भाचा: उघडून काय दिसणार? मेनशाफ्टच्या मागच्या टोकाला पाचवा गिअर एका मोठ्या नटाने आवळलेला असतो. तो नट ढिला होतो, गिअर मागे सरकतो, शाफ्टवरच्या खाचांतून सुटतो आणि नुसता फिरत राहतो. सगळ्यांना माहीत असलेली खोड आहे ही.

मामा: नट ढिला झाला हे तू सांगितलंस. का झाला, ते सांग.

भाचा: कंपनीनं नीट आवळला नव्हता म्हणून.

मामा: अरे, नीट आवळला नसता तर पहिल्या वर्षीच सुटला असता. तुझी गाडी इतकी वर्षं चालली. आता हे बघ. चौथा गिअर म्हणजे सरळ. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जोडले जातात. ताकद एकाही दात्याला न शिवता आरपार जाते. खालचा लेशाफ्ट फिरतो, पण भार घेत नाही. पाचव्यात टाकलास की तीच ताकद आधी वरून खाली लेशाफ्टवर जाते आणि मग मागच्या टोकाच्या जोडीतून परत वर येते. आणि ही जोडी कुठे बसवलीय? चार गिअरच्या मुख्य पेटीच्या मागे, शेपटीत. बॉक्समध्ये सगळ्यात जास्त लवणारी जागा तीच. तुझ्यासारखा माणूस तिथे साडेसात टन लादतो.

भाचा: माझ्यासारखा म्हणजे?

मामा: तू पाचव्यात किती आरपीएमला गाडी ओढत होतास?

भाचा: चढ लागला की पंधराशे-सोळाशेपर्यंत उतरायचं. पण इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क सोळाशेलाच आहे ना, ४४० पाउंड-फूट! मग तिथे ओढलं तर चुकलं काय?

मामा: इंजिनाचं काही चुकलं नाही. इंजिन ओढतंच. पण सहा सिलिंडरचं डिझेल एका फेरीत तीन ठोके देतं. वेग उतरला की त्या ठोक्यांमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक ठोका शाफ्टला हिसका देतो. तो हिसका खाचांत बसलेल्या गिअरला मागे-पुढे घासतो. आधी खाचा झिजतात, मग नटाचा दाब जातो, मग नट फिरतो. तू नटाला दोष देतोस, पण तो बिचारा सगळ्यात शेवटी सुटला.

इथवर मामांची बाजू भक्कम आहे. मोठा ट्रेलर असताना ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे एकपेक्षा कमी गुणोत्तराच्या गिअरमध्ये, इंजिन कण्हेपर्यंत ओढायचं नाही, हा नियम ट्रक चालवणाऱ्या कोणत्याही देशातल्या माणसाला माहीत असतो. पण भाचा गप्प बसणारा नाही, आणि त्याने गप्प बसावं असं मलाही वाटत नाही.

भाचा: मामा, पाचवा गिअर ट्रेलर असताना वापरू नका असं लिव्हरवर लिहिलेलं नाही. ओझं ओढायची गाडी म्हणूनच ती विकली. बायको पण चालवते गाडी. तिनं प्रत्येक चढाला आरपीएमचा काटा बघत बसायचं? शिवाय मुळातच खाचा अपुऱ्या आहेत. त्या शाफ्टवर गिअरच्या पूर्ण रुंदीला धरतील अशा खाचाच नाहीत. म्हणून तर आता पूर्ण खाचांचे शाफ्ट बाजारात मिळतात. चूक चालवणाऱ्याची असती तर हे शाफ्ट कोणी बनवले असते का?

मामा: ते मान्य. खाचा आखूड ठेवल्या, ते काम मी पास केलं नसतं.

भाचा: आणि पाचव्याचं सोडा. माझा खरा राग तिसऱ्यावर आहे.

आता तो कागद पुढे ओढतो. एनव्ही४५००ची गुणोत्तरं: पहिला ५.६१, दुसरा ३.०४, तिसरा १.६७, चौथा १.००, पाचवा ०.७५. एनव्ही५६००ची: ५.६३, ३.३८, २.०४, १.३९, १.००, ०.७३. दोन्ही बॉक्सचा तळ आणि माथा जवळपास सारखाच. फरक आहे तो मधल्या पायऱ्यांत. पाचच्या बॉक्समध्ये सरळ गिअरच्या खालची पायरी एकदम १.६७ वर आहे. सहाच्यात ती १.३९ वर आहे.

भाचा: माझ्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.५४ आहे, टायर साडेतीस इंची. अडीच हजार आरपीएमला चौथ्यात गाडी ताशी ६४ मैल जाते. सात टक्क्यांच्या चढावर साडेसात टन ६४ मैलांनी वर न्यायचे तर नुसत्या चढासाठीच दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर लागते. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. माझं इंजिन २१५चं, चाकापर्यंत पोचते त्याहून कमी. म्हणजे वेग पडणारच. चौथ्यात पडत पडत ४६ मैलांवर आलो की आरपीएम अठराशे, आणि अठराशेला इंजिनाकडे पुरेशी हॉर्सपॉवर नसते. मग तिसरा टाकावा लागतो. तिसऱ्यात अडीच हजाराला किती? ३८ मैल! इंजिनात ताकद आहे ४६ मैलांची, पण ती वापरायला गिअरच नाही. सहाच्या बॉक्समध्ये चौथा नेमका तिथे आहे, अडीच हजाराला ४६ मैल.

मी हा हिशेब पुन्हा करून पाहिला. त्यात खोट नाही. बोगद्याजवळच्या विरळ हवेत टर्बोचं इंजिनही थोडं दमतं, तेव्हा खरे आकडे याहून जरा खालीच येतील. पण दोन पायऱ्यांमधला खड्डा आहे तिथेच राहतो. ओझं ओढण्यासाठी गिअरबॉक्स निवडताना बहुतेक लोक पहिला गिअर किती जड आणि पेटी किती मजबूत एवढंच विचारतात. पहिला गिअर ट्रेलरला जागेवरून हलवण्यापुरता असतो, काही सेकंदांचं काम. घाटात तासभर राहायचं असतं ते सरळ गिअर आणि त्याच्या खालची पायरी या दोघांमध्ये. निवड करायची असेल तर आधी तिथे बघावं, असं माझं मत आहे.

मामांवर मात्र आकड्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो.

मामा: तुझा कडक चढ किती मैलांचा?

भाचा: जॉर्जटाउनपासून बोगद्यापर्यंत धरा बारा-चौदा. सगळा काही सात टक्के नाही.

मामा: बारा मैल सलग कडक धरू. ३८ मैलांनी एकोणीस मिनिटं, ४६ नी पावणेसोळा. सव्वातीन मिनिटांसाठी तू दीडशे किलोंहून जड बॉक्स बसवणार. हा किती किलोचा आहे?

भाचा: नव्वदच्या आसपास.

मामा: म्हणजे सत्तर किलो जास्त. शिवाय खालचा क्रॉसमेंबर हलवायचा, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलायची, क्लच बदलायचा. हे सगळं सव्वातीन मिनिटांसाठी.

भाचा: मिनिटांसाठी नाही, मामा. माणूस ३८ वर यायला तयार नसतो. मागे गाड्यांची रांग लागते, मग तो चौथ्यातच पाय दाबून रेटत राहतो. एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. सातशे अंश सेल्सिअसच्या वर काटा गेला की पिस्टन आणि टर्बोची काळजी लागते. पायरी जवळ असली की माणूस वेळेवर गिअर बदलतो.

मामा: हं. हे पटतं. आमच्याकडेही असंच व्हायचं. गिअर लांब असला की ड्रायव्हर तो टाकायचाच नाही. बरं, चढाचं सांगितलंस, उताराचं सांग.

उताराचा विषय निघाला की मामा खुर्चीत पुढे सरकतात. बोर घाटात भरलेला ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिले आहेत आणि खोपोलीच्या बाजूला त्यातल्या काहींचं पुढे काय झालं तेही. आयसेनहॉवर बोगद्याच्या दोन्ही अंगांना सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी तिथे खडीचे चढते फाटे बांधून ठेवलेले आहेत. ते शोभेचे नाहीत.

मामा: पेट्रोलच्या इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इंजिन हवा ओढायला धडपडतं, गाडी आवरते. तुझ्या डिझेलमध्ये थ्रॉटलच नाही. नुसता गिअर लहान करून ते फारसं धरणार नाही.

भाचा: म्हणून एक्झॉस्ट ब्रेक लावणार आहे.

मामा: लाव. पण आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घाल, नाहीतर साठलेल्या दाबाने व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतील. आणि उतरताना तिसराच पाहिजे. पस्तीस मैल, बावीसशे-तेवीसशे आरपीएम. तिथे तुझ्या १.३९च्या गिअरचा काय उपयोग? उतारावर हा बॉक्स कमी पडत नाही.

भाचा: उतारावर नाही पडत.

मामा: गिअर कुठे टाकशील?

भाचा: बोगद्यातून बाहेर पडायच्या आधी.

मामा: शाबास. उताराला लागल्यावर गिअर शोधायला जाणाऱ्याला गिअर सापडत नाही.

मधल्या काळात घरातून एक तिसरं मत येऊन गेलं: एवढा खटाटोप करण्यापेक्षा ऑटोमॅटिक का नाही? हा प्रश्न दोघांनीही हसण्यावारी नेला, पण तो हसण्यासारखा नाही. १९९६ ते १९९८ या काळात डॉज हेच इंजिन ऑटोमॅटिकबरोबर देताना १८० हॉर्सपॉवर आणि ४२० पाउंड-फुटांवर आवळून देत असे. हाताच्या गिअरबॉक्सला मिळत २१५ आणि ४४०. कारण त्या काळच्या ऑटोमॅटिकला जास्त सोसत नसे. वीस वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. २०१८ च्या रॅममध्ये हाताच्या सहा गिअरबरोबर ३५० हॉर्सपॉवर आणि ६६० पाउंड-फूट होते, तर आयसिनच्या ऑटोमॅटिकबरोबर ३८५ आणि ९३०. त्या वर्षानंतर रॅमने हाताचा बॉक्स बंद केला. फोर्डने आपल्या सुपर ड्युटीतला २०१० च्या मॉडेलबरोबरच संपवला होता. आज कोणी नवी गाडी फक्त ओझ्यासाठी घेत असेल तर हाताचा गिअर मागण्यात अर्थ नाही, मिळतही नाही. पण १९९७ च्या गाडीत त्या काळची ऑटोमॅटिक घालणं म्हणजे कारखान्याला जिची भीती वाटत होती तीच विकत घेणं. भाच्याच्या गाडीपुरता हा प्रश्न निकालात निघतो.

राहतो तो सुट्या भागांचा प्रश्न, आणि तिथे भाच्याचं पारडं हलकं होतं.

मामा: तुझा सहाचा बॉक्स अजून बनतो?

भाचा: नाही. २००५ नंतर नाही. जुनाच बघावा लागेल. आतले काही गिअर नवे मिळणं अवघड आहे म्हणतात.

मामा: आणि हा?

भाचा: हा जनरल मोटर्सनेही वापरला ना. हे बॉक्स बनवणारी न्यू व्हेंचर गिअर ही मुळात क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी १९९० मध्ये मिळून काढलेली कंपनी. तिचा मन्सीचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, पण बॉक्स इतके निघाले, की बाहेरचे लोक अजून याचे शाफ्ट, गिअर, रिंगा, सगळं बनवतात.

मामा: मग दुसऱ्या कोणाचा तरी थकलेला सहाचा बॉक्स पैसे देऊन आणायचा आणि आपला दुरुस्त होणारा भंगारात घालायचा, हा कुठला हिशेब? आणि हा बिडाचा आहे. बिडाची पेटी आणि पोलादाचा शाफ्ट तापल्यावर जवळजवळ सारखेच वाढतात. ॲल्युमिनियम दुपटीने वाढतं. थंड असताना बेअरिंगला दिलेली मोकळीक गरम झाल्यावर वेगळीच होते.

भाचा: फोर्डचे झेडएफ ॲल्युमिनियमचेच होते. २००५ नंतर रॅमला दिलेला मर्सिडीजचा जी५६ पण. चाललेच ना?

मामा: चालतात की. बनवणाऱ्याने तो हिशेब आधीच धरलेला असतो. पण गॅरेजमध्ये बसून शिमांच्या पातळ चकत्या घालणाऱ्याला बीड माफ करतं, ॲल्युमिनियम करत नाही.

या वाक्यावर मी थोडा अडलो, पण मामांच्या बाजूने. घरच्या किंवा छोट्या गॅरेजच्या दुरुस्तीत चूक होणारच हे धरून यंत्र निवडणं यात शहाणपण आहे. कागदावर जास्त ताकदीचा असलेला बॉक्स दुरुस्तीच्या टेबलावर जास्त हट्टी निघू शकतो.

इथून पुढे वाद कमी आणि काम जास्त. मामांनी दुरुस्ती सांगायला सुरुवात केल्यावर भाच्याने वही काढली.

मामा: पहिली गोष्ट, ऑइल कापडातून गाळून काढायचं. लोहचुंबकावर करडा लगदा असेल तर ती रोजची झीज. चकचकीत पिवळे कण असतील तर गिअरचे वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगा गेल्या. टोकदार तुकडा मिळाला तर तो कोणत्या दात्याचा ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. तुझ्या बॉक्सच्या दोन्ही बाजूंना पीटीओची, म्हणजे बाहेरची अवजारं चालवायच्या जोडाची, झाकणं आहेत ना? एक काढ आणि बॅटरी मारून आत बघ. मग मागची शेपटी उतरव. तुझी गाडी टू-व्हील ड्राइव्ह, मध्ये ट्रान्सफर केस नाही, नशीब. नट कुठवर फिरलाय, खाचा किती उरल्यात, ते तिथेच कळेल.

भाचा: खाचा बऱ्या असल्या तर? नवा नट मिळतो, स्क्रूने चिमटून बसणारा. तो घालून बंद करू?

मामा: पाचव्यात कधीच ओढणार नसशील तर कर. पण तू ओढणार. म्हणून पूर्ण खाचांचा शाफ्ट घाल, त्यावर नवा पाचवा गिअर, आणि मग तो चिमटणारा नट. झिजलेल्या खाचांवर नवा नट म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा हेच काम.

भाचा: म्हणजे पूर्ण बॉक्स उघडायचा.

मामा: शाफ्ट बदलायचा म्हणजे पूर्णच. उघडलाच आहे तर सगळी बेअरिंगं बदल. पुढच्या शाफ्टच्या पोटात मेनशाफ्टचं टोक ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग कोणी बघत नाही. ते आधी बघ. चौथा सोडून बाकी सगळ्या गिअरमध्ये दोन शाफ्टच्या वेगातला फरक तेच सोसतं. सिंक्रोची रिंग कोनावर दाबून धरायची आणि गिअर व रिंग यांच्यातली फट फीलर गेजने मोजायची. जिथे रिंग खाली बसलीय तिथे नवी. दात्यांच्या बाजूवर खड्डे पडलेत का ते नखाने चाचपायचं. डोळ्याला फसवता येतं, नखाला नाही.

भाचा: आणि शिमा?

मामा: हेच तर काम आहे बाबा. बाकी सगळं उचलायचं आणि बसवायचं. बेअरिंगं निमुळत्या रोलरची. ती ढिली ठेवलीस तर शाफ्ट मागे-पुढे होतो, भार आल्यावर दाते कोपऱ्यावर चावतात आणि ओरडतात. फार आवळलीस तर बेअरिंगं जळतात. डायल गेज लावायचा, शाफ्ट वर-खाली उचलून मोजायचा, शिमा बदलायच्या, परत मोजायचं. पुस्तकात दिलेला आकडा आला की मग एकदा सगळं फिरवून परत मोजायचं. पहिलं माप नेहमी खोटं असतं. बेअरिंग बसलेलंच नसतं.

भाचा: ऑइल मी चांगलं जाड घालणार, जीएल-५.

मामा: अजिबात नाही!

मामा आवाज चढवतात तो पूर्ण संभाषणात इथेच, आणि कारण आहे. जीएल-५ हे मागच्या ॲक्सलच्या गिअरसाठीचं. त्यातली दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्यं तापल्यावर सिंक्रोच्या पिवळ्या धातूला खातात; शिवाय ते ऑइल इतकं निसरडं, की ज्या घर्षणावर सिंक्रो चालतो तेच मिळत नाही. या बॉक्सला मूळचं सांगितलेलं ऑइल जीएल-४ प्रकारचं, ७५डब्ल्यू-८५ कृत्रिम, चार लिटरला जरा कमी. दुकानदार ‘जाड ते चांगलं’ म्हणून हातात डबा देतात आणि दोन वर्षांनी गिअर खरखरायला लागला की बॉक्सला नावं ठेवली जातात. चढावर तापणाऱ्या बॉक्ससाठी पीटीओच्या जागी पंखांची ॲल्युमिनियमची झाकणं मिळतात. त्यात ऑइल थोडं जास्त मावतं आणि थंडही होतं. त्यांच्यावर केलेला खर्च मला योग्य वाटतो.

क्लचवर दोघांचं फारसं दुमत झालं नाही. भाच्याला सिरॅमिकची दोन प्लेटांची जोडी हवी होती, कारण ती कितीही टॉर्क धरते. मामांनी विचारलं, ट्रेलर मागे घेताना काय करशील? सिरॅमिक धरतं किंवा सोडतं, मधलं त्याला येत नाही; आणि ट्रेलर मागे घेताना माणूस सगळा वेळ त्या मधल्यावरच असतो. २१५ हॉर्सपॉवरच्या, पंपाला हात न लावलेल्या इंजिनाला चांगल्या दर्जाची एकच साधी प्लेट पुरते. फ्लायव्हील मात्र लेथवर घासून सपाट करून घ्यायचं आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग नवं टाकायचं. भरलेला ट्रेलर कायम पहिल्यातूनच उचलायचा. रिकामी गाडी दुसऱ्यातून उचलायची सवय या गाड्यांच्या मालकांना असते, ती सवय ट्रेलरला नेली की प्लेट जळते.

भाच्याने वही मिटली नाही. खड्ड्याचा प्रश्न अजून तसाच होता.

भाचा: मामा, मी तुमचं ऐकून हाच बॉक्स नीट करतो. पण १.६७ आणि १.०० मधलं अंतर तसंच राहतं. त्यावर एक उपाय आहे. गिअरबॉक्सच्या मागे जोडायचं एक वेगळं ओव्हरड्राइव्ह मिळतं, कॅलिफोर्नियाच्या गिअर व्हेंडर्सचं. त्याचं गुणोत्तर ०.७८. बटण दाबलं की कोणत्याही गिअरला ते गुणलं जातं. तिसरा गुणिले ०.७८ म्हणजे १.३०.

मामा: म्हणजे तुझी हरवलेली पायरी.

भाचा: हो. आणि चौथा गुणिले ०.७८ म्हणजे ०.७८. पाचव्याच्या ०.७५ च्या अगदी शेजारी. महामार्गावर चौथ्यातच राहायचं आणि मागचं बटण दाबायचं. मुख्य पेटीत ताकद सरळच जाईल, तुम्ही म्हणालात तशी, दात्यांना न शिवता.

मामा: मग पाचव्यावर भार यायचं कारणच नाही.

भाचा: नाही.

मामा: मग पूर्ण खाचांचा शाफ्ट कशाला घालतोयस? आहे त्या शाफ्टवर चिमटणारा नट लावून बंद कर. ते पैसे तिकडे लाव.

भाचा: तुम्हीच तर म्हणालात, झिजलेल्या खाचांवर नवा नट नको!

मामा: ओढणार असशील तर म्हणालो. आता ओढणार नाहीस म्हणतोस. पण थांब. या नव्या पेटीचं ऑइल वेगळं?

भाचा: वेगळं.

मामा: म्हणजे गळायला आणखी एक सील. प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागणार, तो परत बॅलन्स करून घ्यावा लागणार. आणि किंमत?

भाचा: काही हजार डॉलर. सहाच्या जुन्या बॉक्सशी बरोबरी करेल.

मामा: हं.

भाचा: पण नवं मिळतं. त्याचे भाग मिळतात.

मामा: हे खरं. आणि तुझी बायको चालवेल तेव्हा?

भाचा: एक बटण. पाचव्याकडे बघायचंच नाही.

मामा: पाचवा आहे म्हटल्यावर एखाद दिवशी माणूस टाकतोच. रात्रीची वेळ, डोळ्यावर झोप, सवयीने हात जातो. त्यामुळे शाफ्टचं मी अजून नक्की सांगत नाही. उद्या गाडी जॅकवर घे, ऑइल काढ, शेपटी उतरव. खाचांची निम्मी उंची शिल्लक असेल तर नट. नसेल तर शाफ्ट, आणि मग तुझ्या बटणासाठी पुढच्या वर्षीचे पीच विकावे लागतील.

भाचा: पीच या वर्षी बरे आहेत.

मामा: मग प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करणारा माणूस आत्ताच शोधून ठेव. आणि शेपटी उतरवताना खाली ट्रे ठेव, उरलेलं ऑइल तिथूनच सांडतं.